वर्गमूळ दुकानाच्या पायरीवर

सोमवारी सकाळी गुरुलिंगअप्पा ढोले दुकान उघडायला आले, तेव्हा पायरीवर वर्गमूळ बसलेलं होतं.

अप्पांनी आधी कुलूप काढलं, शटर वर केलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला टेकवला आणि मगच विचारलं, "काय पाहिजे?"

"राहायला जागा," वर्गमूळ म्हणालं. "तुमच्या वेबसाइटवर आम्हाला आत घेतलं नाही. पानाच्या तळाशी दुकानाचा पत्ता होता. तो वाचत आलो."

"आम्हाला म्हणजे? एकटेच दिसताय."

वर्गमूळानं आपल्या छपराखालून शेजारच्या बंद दुकानाच्या ओट्याकडे बघितलं. तिथे अनंत आडवं पडलेलं होतं. त्याच्या उशाशी भागाकार बसला होता, खांबाला टेकून असमान उभं होतं, आणि वर्तुळातला π कुणालातरी काहीतरी सांगत होता. ऐकणारं कुणी नव्हतं, पण त्यामुळे त्याचं काही अडलं नव्हतं.

"चहा घेता का?" अप्पांनी विचारलं. दारी आलेल्याला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, हे ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. शाळा त्यांनी सातवीतच सोडली होती. बाकी सगळं त्यांना उदगीरच्या मोंढ्यानं, तिथल्या धान्यबाजारानं शिकवलं. मोंढ्यासमोरच त्यांचं दुकान: वह्या, पुस्तकं, कंपासपेट्या आणि एका अख्ख्या भिंतीवर लग्नपत्रिका. पुण्यात नोकरीला असलेल्या सोमेश नावाच्या भाच्यानं त्यांना वेबसाइट काढून दिली होती, आणि कळ कुठे दाबायची हे कळल्यावर पुढचं अप्पा स्वतःच शिकले. चुकत, हसत, आणि दर वेळी "बघू तर काय होतंय" म्हणत.

चहा पिता पिता वर्गमूळानं रीतसर हकिकत सांगितली. काल रात्री अप्पांनी हुडगे बाईंची गणिताची कोडी वेबसाइटवर चढवली होती. अधिक, वजा आणि समान ही चिन्हं बिनबोभाट आत गेली, कारण इंग्रजी टाइपरायटरवर त्यांची जुनी नोकरी होती आणि दारावर त्यांना सगळे ओळखत होते. बाकीच्यांना बाहेर काढलं. त्यांच्या जागी भलतेच लोक बसले.

"भलतेच म्हणजे?"

"माझ्या जागी तिघं आहेत. डोक्यावर छपरासारखी टोपी घातलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे एक नुसतीच टोपी, आणि शेवटी उलटी टोपी घातलेला एस."

अप्पांनी कॉम्प्युटर लावून बघितलं. तिघंही बसले होते, ऐसपैस.

"आणि मराठी अक्षरं? त्यांना घेतलं का आत?"

"नाही. पण त्यांचे गावात नातेवाईक आहेत," वर्गमूळ म्हणालं. "ती पाट्यांवर उतरलीत."

तेही खरं होतं. समोरच्या सायकलच्या दुकानाची पाटी कालपर्यंत एका ओळीची होती. आज तिच्यावर क, ख, च इतक्या दाटीनं बसले होते की मालकाचं नाव शोधावं लागत होतं. दवाखान्याच्या पाटीवर तर काही ज्ञ वेळांच्या रकान्यात झोपले होते. चिन्हांचं मात्र गावात कुणीच नव्हतं. म्हणून ती इथे आली.

एरवी ही नुसती पाहुण्यांची सोय झाली असती, आणि पाहुण्यांची सोय करण्यात अप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण घोर शनिवारचा होता.

प्रमिला हुडगे बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. दर शनिवारी सकाळची घंटा झाली की फळ्यावर एक कोडं लिहायच्या आणि सोमवारपर्यंत कुणालाही उत्तर सांगायच्या नाहीत. ती कोडी कधी छापली गेली नाहीत, कारण गावातल्या छापखान्यांत एवढी चिन्हं नव्हती आणि बाईंना एकही चिन्ह बदललेलं चालत नव्हतं. आता बाईंना दिसायचंही कमी झालं होतं. अप्पांनी शब्द दिला होता की शनिवारी, घंटेच्या वेळेला, सगळी कोडी जगाला दिसतील. बाईंच्या हाताखाली शिकून कुठे कुठे गेलेल्या मुली त्या वेळी आपापल्या पडद्यासमोर बसणार होत्या. नाशिकहून निरोप आला होता, बेळगावहून आला होता, एकीचा तर मस्कतहून.

आणि आत बसले होते टोपीवाले.

अप्पांनी सोमेशला फोन लावला.

"मामा, माझ्याकडे सगळं बरोबर दिसतंय," सोमेश म्हणाला. "मी पाठवलेलं पान इथे उघडलंय. वर्गमूळ जागेवर आहे."

"तुझ्याकडचं जागेवर असेल. माझ्याकडचं पायरीवर बसून खारी खातंय."

"मामा, हे लिपीच्या करारानं होतं. अक्षरं ज्या करारानं बांधून पाठवतो, त्याच करारानं दारावर सोडली पाहिजेत. आपला करार यूटीएफ-आठ. दारवान, म्हणजे पान उघडणारा ब्राउझर, दुसराच करार धरतोय. का धरतोय ते शोधतो."

"शोध. शनिवारच्या आत शोध."

तोवर पाहुणे दुकानात रुळले. अप्पांनी त्यांना लग्नपत्रिकांच्या भिंतीखालचा बाक दिला. अप्पांची बायको महानंदा घरून डबा घेऊन आली, बाकाकडे नजर टाकली आणि एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर भाकरी वाढवल्या असत्या. ह्यातलं तिखट कुणाला चालत नाही?"

"मला सगळं चालतं," अनंत म्हणालं.

"तुम्हाला वाढायचं धाडस नाही माझं," महानंदा म्हणाली, आणि अनंत इतकं हसलं की ते हसू मंगळवारपर्यंत पुरलं.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. वर्गमूळ पावसाचा शिंतोडा चुकवायला एकशे चव्वेचाळीस पेन्सिलींच्या ग्रोसवर जरा टेकलं, आणि ग्रोसचं डझन झालं. अप्पांनी नम्रपणे विचारलं, "परत करता येईल का?"

"वर्ग करणं आमच्याकडे नाही," वर्गमूळ म्हणालं. "ते दुसरं खातं. छोटा दोन येईल, त्याला विचारा."

छोटा दोन संध्याकाळी आला. तो सगळ्यांच्या वरच्या कोपऱ्यात बसणारा, स्वभावानं किंचित गर्विष्ठ. पेन्सिलींच्या डब्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसला, आणि पेन्सिली पूर्ववत झाल्या. अप्पांनी त्याला केशरी पेढा दिला, पण तो हातात घेतल्यावर काय होईल ह्या विचारानं लगेच दुसरीकडे बघितलं.

मोंढ्यातली माणसंही येऊ लागली. सगळ्यांत लाडकी झाली गणितातल्या 'म्हणून'ची तीन टिंबं. मोंढ्यात दुपारच्या गप्पा कुठेच पोचत नाहीत, ही पूर्वापार रीत. पण ती तीन टिंबं शेजारी येऊन बसली की बोलणाऱ्याला "म्हणून" म्हणावंच लागायचं, आणि "म्हणून" म्हटलं की काहीतरी ठरवावं लागायचं. दोन दिवसांत तीन लग्नं जुळली आणि एक बांध मोजून झाला. असमानाची मात्र जपणूक करावी लागली. ते दोन भावांच्या मध्ये बसलं आणि एकाच किटलीतला चहा एकाला गोड लागला, दुसऱ्याला अगोड. शेवटी त्याला अप्पांनी दोन भिंतींच्या मध्ये बसवलं. त्या तशाही सारख्या नव्हत्या.

π ची गोष्ट ऐकायला तर हमाल पोती टाकून यायचे. ती कधी पुन्हा मागे वळायची नाही आणि कधी संपायचीही नाही. "उद्या इथूनच पुढे," असं कुणालाच म्हणता यायचं नाही, कारण तो रात्रभर सांगतच असायचा. सकाळी आलेल्याला गोष्ट आणखी पुढे गेलेली सापडायची, आणि त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेत नसे.

गुरुवारी हुडगे बाई आल्या.

त्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि बाकावरची सगळी चिन्हं एकदम उभी राहिली. अनंतसुद्धा. ते उभं राहिलं की आठ झालं, पण त्या घडीला कुणी बोट दाखवलं नाही.

"बसा," बाई म्हणाल्या. सगळी बसली.

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. बराच वेळ बघत राहिल्या. अप्पा पन्नाशीचे असले तरी बाईंसमोर त्यांचे हात आपोआप मागे गेले.

"गुरुलिंग, हे टोपीवाले कोण?"

"बाई, ते... जातील. बघतोय."

"एक चिन्ह हललं की कोडं मेलं. मुली उत्तर शोधत बसतील आणि उत्तरच नसेल. तसलं कोडं मी आयुष्यात घातलं नाही." त्यांनी भिंग पुसलं. "शनिवारच्या घंटेपर्यंत हे गेले नाहीत तर माझे कागद मला परत दे. रागावले नाही हं. पण परत दे."

रागावल्या असत्या तर अप्पांना सोपं गेलं असतं. बाई गेल्यावर ते गल्ल्यावर बसले, आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला चहा विचारायचं विसरले.

मग त्यांना मिरचीचा ट्रक आठवला. तरुणपणी ते एका आडत्याकडे दिवाणजीच्या हाताखाली होते. तेव्हा हैदराबादहून मिरची आली आणि साखरेच्या गोदामात उतरली. पोती चांगली होती, त्यांच्यावरची खूण बरोबर होती, हमाल प्रामाणिक होते. फक्त ड्रायव्हरनं ट्रक थांबताच कुणाचा माल ते ओरडून सांगायचं सोडून आधी दिवाणजींची खुशाली विचारली होती. मग त्यांच्या मुलांची, मग पावसापाण्याची. हमालांनी किती वेळ थांबायचं? त्यांनी आपल्या अंदाजानं उतरवून घेतलं. साखर महिनाभर शिंका देत होती.

अप्पा बाकाकडे वळले. "वर्गमूळसाहेब, दारावर नेमकं काय झालं? सुरुवातीपासून सांगा."

"दारवान सभ्य गृहस्थ आहेत," वर्गमूळ म्हणालं. "नियम असा की आरंभीचा थोडा मजकूर ते लक्ष देऊन ऐकतात. माल कुठल्या कराराचा, हे तेवढ्यात कळलं तर ठीक. नाहीतर अंदाजानं उतरवून घेतात. आम्ही प्रत्येकी तीन पोत्यांत बांधलेले असतो. π, भागाकार आणि छोटा दोन हे मात्र दोन पोत्यांत. करार माहीत असेल तर तिन्ही पोती मिळून मी होतो. माहीत नसेल तर ते प्रत्येक पोतं वेगळं मांडतात. तेच टोपीवाले."

"म्हणजे माल तोच आहे!"

"माल आमचाच आहे. मांडणी चुकली."

"आणि कराराची ओळ? ती पानात नव्हती?"

"होती. पण तिची पाळी यायच्या आत दारवानांची ऐकायची वेळ संपली."

"तोपर्यंत काय चाललं होतं?"

वर्गमूळ जरा अवघडलं. "नावं."

"कुणाची?"

"तुमच्या घराण्याची."

अप्पांनी कपाळावर हात मारला नाही. त्यांनी हळूच भिंतीकडे बघितलं, जिथे नमुन्याच्या पत्रिका लावलेल्या होत्या. पत्रिका विकत त्यांचे केस पिकले होते. वर देवांची नावं नाहीत, थोरांचा मान नाही, असा कागद ह्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता. मग वेबसाइट तरी कशी पडेल? सोमेशनं पान पाठवल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं, अगदी माथ्यावर, सगळ्याच्या आधी घातलं होतं: श्री गुरुबसवलिंगाय नमः. श्री उदागीर महाराज प्रसन्न. मग कुलदैवत. मग कैलासवासी. मग हयात. काका, मामा, आत्यांचे यजमान, मोंढ्यातले स्नेही, व्याही, व्याह्यांचे बंधू. शेवटी "तसेच समस्त ढोले परिवार व मित्रमंडळ." आणि त्याच्या खाली, बिचारी, कराराची ओळ.

त्यांनी सोमेशला फोन केला.

"मामा," सोमेश हसत म्हणाला, "ती ओळ फक्त सगळ्यात वर घ्या. बाकी नावं खाली राहू देत."

"सगळ्यात वर म्हणजे देवाच्या आधी?"

"हो."

"आणि थोरल्या अप्पांच्या आधी?"

सोमेशचं हसू थांबलं. तोही ढोल्यांचाच भाचा होता. "ते तुम्ही बघा," तो म्हणाला.

थोरले अप्पा म्हणजे विरूपाक्षअप्पा, भावकीतले सगळ्यांत वडील. देव आणि कैलासवासी झाले की पहिलं नाव त्यांचं. एका बारशाच्या पत्रिकेत त्यांचं नाव दुसरं पडलं होतं, तर ते बाळ आता कॉलेजात होतं आणि थोरले अप्पा अजून त्या घरी पाणी प्यायले नव्हते. त्यांना न विचारता ओळ हलवायची सोय नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी ते आले. खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी घेतली.

"माज्या म्होरं कोन बसायलंय म्हने?"

"अप्पा, तुमच्यापुढे कुणी बसत नाही," गुरुलिंगअप्पा म्हणाले. "एक ओळ आहे. ती आधी घालावी लागतीय."

"म्हातारा हाय म्हून ढकलायलाव का रं खाली? देवाच्याबी आधी? आरं, देवाच्या आधी काय असतंय का कवा?"

'म्हणून'ची टिंबं सरसावून बसली होती, पण पुढे यायला त्यांना काही सापडेना.

महानंदा रिकामा डबा घ्यायला आली होती. दारातच थांबून ती म्हणाली, "असतंय की, मामंजी. सडा असतोय."

"काय?"

"देव बसवायच्या आधी अंगण झाडतो, सडा टाकतो. रांगोळी नंतर, देव नंतर, तुम्ही पाटावर बसता ते त्याच्याबी नंतर. सडा तुमच्या आधी पडला म्हणून तुमचा मान गेला, असं कधी झालंय का? उलट सडा नसता तर तुम्हीच दारातनं माघारी गेला असता."

थोरल्या अप्पांनी काठी मांडीवर फिरवली. "त्या ओळीत नाव कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही," गुरुलिंगअप्पा घाईनं म्हणाले. "देवाचं नाही, माणसाचं नाही."

"नावच न्हाई, तर म्होरं कोन गेलं?" थोरल्या अप्पांनी विचार केला. टिंबं अलगद त्यांच्या खुर्चीजवळ सरकली. "म्हनून..." अप्पा म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडाकडे आश्चर्यानं बघावं तसे थांबले. "म्हनून टाका सडा. पर सड्यानंतर पैलं देव, मग कैलासवासी, आन् मग मीच."

"मग तुम्हीच."

"आन् चहा?"

"बघा की, विसरलोच!" गुरुलिंगअप्पा ओरडले, आणि हॉटेलातून एवढा चहा मागवला की अनंताच्या वाट्यालाही आला.

शनिवारी सकाळी महानंदानं दुकानासमोर खराखुरा सडा टाकला. हुडगे बाई नवी इरकल साडी नेसून आल्या. थोरले अप्पा खुर्चीत होतेच. गुरुलिंगअप्पांनी कॉम्प्युटरसमोर आपली खुर्ची ओढली, कराराची ओळ उचलली आणि सगळ्याच्या वर ठेवली.

शाळेची घंटा झाली. अप्पांनी कळ दाबली.

बाकावरून पहिल्यांदा वर्गमूळ उठलं. "पाहुणचार झाला," ते महानंदाला म्हणालं. "पुढच्या वेळी शेंगांची चटणी जरा जास्त चालेल." मग ते गेलं. त्याच्यामागे भागाकार, छोटा दोन, तीन टिंबं एकापाठोपाठ एक. π गोष्ट सांगत सांगतच गेला. असमान दोन भिंतींच्या मधून निघालं आणि भिंती जरा एकमेकींच्या जवळ आल्यासारख्या वाटल्या. बाहेर रस्त्यावर पाट्या भराभर हलक्या झाल्या. सायकलवाल्यानं आपलं नाव वाचलं आणि खात्री करायला पुन्हा वाचलं.

पडद्यावर टोपीवाले राहिले नाहीत. ते कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. ती पोती मुळात चिन्हांचीच होती.

"आले का सगळे?" बाईंनी विचारलं. त्यांनी भिंग पिशवीतून काढलंच नव्हतं. "मला एवढं बारीक आता दिसायचं नाही. मी हजेरी घेते."

दारात जमलेले हमालही ताठ उभे राहिले.

"वर्गमूळ?"

"हजर, बाई," कॉम्प्युटरमधून आवाज आला.

"भागाकार?"

"हजर."

"छोटा दोन? नीट सरळ बैस."

"हजर."

एकेक नाव बाई घेत गेल्या, पाठ. मधूनच फोनवर निरोप वाजायला लागले. मस्कतच्या मुलीनं पहिलं कोडं सोडवलं होतं. बेळगावची म्हणत होती, उत्तर सांगू नका, मी सोमवारपर्यंत थांबते. महानंदा ते निरोप मोठ्यानं वाचून दाखवत होती, आणि बाई हजेरी न थांबवता नुसती मान हलवत होत्या. पण त्यांचा आवाज हळूहळू वर्गात असायचा तसा झाला. थोरले अप्पाही सावरून बसले.

"असमान?"

"हजर. पण सारखं नाही."

"ठाऊक आहे. π?"

"हजर, आणि त्यानंतर एक..."

"पुढचं मधल्या सुट्टीत. अनंत?"

"हजर," अनंत म्हणालं.

पण त्याचा शेवटचा र काही संपेना. तो दुकानातून बाहेर पडला, मोंढ्यावरून गेला आणि परत आला. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या समाधानानं म्हणाल्या, "ऐकू आलं. बस खाली." आणि गुरुलिंगअप्पांकडे वळून म्हणाल्या, "सगळे आहेत. कागद तुझ्याकडेच ठेव."

अनंत खाली बसलं. त्याचं "हजर" अजून चालूच आहे. सकाळी शटर वर करताना ते ऐकू येतं, दुपारी गिऱ्हाइकांच्या बोलण्याखाली राहतं. पत्रिका ठरवायला आलेली माणसं जरा मोठ्यानं बोलतात, एवढंच. कुणी विचारलं तर अप्पा आधी चहाचं विचारतात, आणि मग सांगतात की बाईंच्या वर्गात हजेरी चालू आहे.